दापोलीहून निघालो ते कुठे कुठे पोचलो? माजी विद्यार्थ्यांनो, लिहा

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ची. पहिल्या बॅचमधले लोक आता नातवंडं खेळवतायत आणि शेवटच्या वर्षाची पोरं यंदाही रावेच्या (शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांकडे शिकायचं, त्या) गावात कुणाच्या तरी पडवीत बसून भाताच्या चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांना) फुटवे किती ते मोजतायत. मधल्या सगळ्यांना हे आवतण आहे. फक्त पद, पगार आणि गाडीचा फोटो नको, ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळतंच. विद्यापीठाने शिकवलेली कुठली शिफारस पुढे खरोखर कामाला आली आणि कुठली वहीतच राहिली, तेवढं लिहा. आणि ‘अ‍ॅग्री केलंस, म्हणजे शेतीच करणार का?’ या प्रश्नाला काय उत्तर दिलंत, तेही.

सुरुवात माझ्यापासून. २००१ची बॅच. बियाण्यांच्या कंपनीत मराठवाडा-विदर्भ पालथा घातला, आता ठाण्यात सोसायट्यांच्या बागा सांभाळतो. कातळ फोडून आंबा लावायला शिकलो होतो, आता गच्चीत अर्ध्या ड्रमात लावतो. ‘हापूसच हवा’ म्हणणाऱ्याला मी ‘रत्ना’ सुचवतो. नीलम आणि हापूसचा संकर, १९८१चं आपलंच वाण, दरवर्षी फळतं. गिऱ्हाईक नाक मुरडतं. दोन वर्षांनी मेमध्ये मात्र तेच गिऱ्हाईक पेटी दाखवायला येतं.

१९८८ची बॅच, निवृत्त, चिपळूण

आम्ही बाहेर पडलो आणि लगेच, १९९०मध्ये, रोजगार हमीतून फळबाग लागवड आली. शंभर टक्के अनुदान. त्या एका योजनेने कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींचा रंग बदलला आणि आमच्या पिढीला नोकऱ्या दिल्या. माझी पहिली काही वर्षं खड्डे मोजण्यातच गेली. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. कागदावर. खाली जांभा लागला की पहार टणकन परत यायची आणि गडी माझ्याकडे बघून हसायचे. वेंगुर्ल्याची काजू कलमं तरीही जगली, वेंगुर्ला-४ तर आजही माझ्या भावकीच्या बागेत आहे.

वहीत राहिलेलं विचाराल तर चारसूत्री भात, म्हणजे चार सूत्रांची भातलावणीची पद्धत. जव्हारला असताना जीव ओतून प्रात्यक्षिकं घेतली. दोरी लावून १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर, आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खुपसायची. वर फेकलेलं खत कोकणच्या पावसात वाहून जातं, खाली पुरलेलं रोपाला हळूहळू मिळत राहतं. खत कमी, भात जास्त. शास्त्र शंभर नंबरी होतं. पण लावणी चालू असताना एका बाईने विचारलं, ‘साहेब, पाऊस धरलाय, चार पाटांची लावणी उरलीय, दोरीची दोन टोकं धरायला माणसं तुमी देनार?’ मी आणि शिपाई, आम्ही दोघांनी धरली. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, मागे जव्हारला दोरी कुणी धरली नसणार. खताला गिरिपुष्पाचा पाला, हेही चारातलंच एक सूत्र, ते मात्र लोकांनी उचललं, कारण पाला बांधावर फुकट मिळतो.

२०१२ची बॅच, बँकेत कृषी अधिकारी, यवतमाळ जिल्हा

मी थोडक्यात लिहिते. फळबाग हा माझा आवडता विषय, पेपरही त्यातच सगळ्यात छान गेला होता. आयबीपीएसच्या बँकभरती परीक्षेतून बँकेत लागले आणि जिथे काजूचं झाड कुणी पाहिलेलं नाही अशा तालुक्यात आले. इथे कापूस, तूर, सोयाबीन आणि मार्चअखेर ‘नवं-जुनं’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुनं पीककर्ज कुठून तरी हातउसने आणून एका दिवसासाठी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी नवं उचलायचं. ज्याच्याकडून आणतात तो त्या एका दिवसाचे पैसे वेगळे घेतो. हे अभ्यासक्रमात नव्हतं. कामाला आली ती रावेच्या गावातली सवय: समोरच्याला आधी पाऊस विचारायचा, मग गुरं, मग मुलं, आणि कागद सगळ्यात शेवटी.

१९९९ची बॅच, पोलीस खातं

लिहायला उशीर झाला, बंदोबस्त होता. आमच्या बॅचचे खात्यात आम्ही बरेच आहोत, स्पर्धा परीक्षांना अ‍ॅग्रीची पोरं पहिल्यापासून भारी. उपयोग? वणव्यात काजूची बाग जळाल्याची तक्रार आली की झाडाच्या बुंध्याची जाडी बघून वय मी सांगतो आणि पंचनाम्यात कुणी कलमांचं वय दुप्पट लिहवू शकत नाही. बाकी सगळं विसरलो. बायको म्हणते, कुंडीतली तुळससुद्धा जगत नाही.

२००३ची बॅच, आंबा निर्यात, वाशी

हापूस परदेशात पाठवणं म्हणजे फळमाशीशी वर्षानुवर्षं चाललेला खटला. २००७ला अमेरिकेने आपला आंबा घ्यायला सुरुवात केली, अट अशी की विकिरण, म्हणजे किरणांचा मारा करूनच. सुरुवातीला पेट्या लासलगावला न्यायच्या, कोकणातून नाशिक आणि परत मुंबईचं विमान. नंतर वाशीत पणन मंडळाची सोय झाली. अमेरिकेचा निरीक्षक स्वतः इथे बसतो, त्याच्यादेखत माल जातो. २०२० आणि २०२१मध्ये तो निरीक्षक येऊ शकला नाही, तर दोन हंगाम अमेरिकेला एक पेटी गेली नाही. त्यांना विकिरण हवं, युरोपला गरम पाणी. १ मे २०१४पासून युरोपने बंदी घातली तेव्हा हंगाम ऐन भरात होता. आखातात आणि वाशीच्या बाजारात एकदम माल कोसळला. बंदी उठली, पण ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवण्याचं काम गळ्यात पडलं.

पाण्याचा अंश-दोन अंशांचा फरक हापूसला सोसत नाही. देठाजवळ काळसर छटा दिसली की समजायचं. माझ्या हाताखाली मशीन चालवणाऱ्या पोराला डिग्री नाही, पण टाकीतून क्रेट वर आला की साल बघून तो सांगतो, हा लॉट लंडनला चालेल, हा इथेच विका. कापणीनंतरचं तंत्रज्ञान हा पेपर आम्ही एका रात्रीत रट्टा मारून काढला होता. आता त्याच्यावरच घर चालतं.

‘शेतीच करणार का?’ याला माझं ठरलेलं उत्तर होतं: नाही, शेतकऱ्याचा माल विकणार. वडिलांना ते फारसं आवडलं नव्हतं. दलाल झालास, म्हणाले.

शिरगाव मत्स्य महाविद्यालय, १९९५

आम्हाला विसरू नका, आम्हीही दापोलीचेच, कॉलेज रत्नागिरीत एवढंच. मी आंध्रात कोळंबीच्या हॅचरीत. तेलुगू सफाईने बोलतो, मालवणी विसरत चाललोय.

२००९ची बॅच, रोपवाटिका, कुडाळजवळ

मला या धाग्यात सगळ्यात जास्त जागा हवी, कारण माझं सगळंच वहीतून बाहेर आलंय. कोय कलम. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला बोट कापून घेतलं होतं, आज त्याच कलमावर आठ बायकांच्या घरी पावसाळ्यातला पगार जातो.

ज्यांनी दुसऱ्या शाखा घेतल्या त्यांच्यासाठी. जूनमध्ये आंब्याचे बाठे पेरायचे. कोंब वर येतो, पानं अजून तांबूस असतात, खोड हाताला पाणीदार लागतं, तेवढे दहा-पंधरा दिवसच आपले. हिरवं झालं की वेळ गेली. शेंडा उडवायचा, मधोमध उभा छेद द्यायचा. हापूसच्या मातृवृक्षाची काडी, पानं आठवडाभर आधी छाटून डोळा फुगवलेली, तिला दोन्ही बाजूंनी पाचर करायची आणि छेदात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. खालच्या बाठ्यात साठा असतो, तोवर काडी जगते. हवेत दमटपणा नसेल तर काडी वाळते, म्हणून हे काम कोकणच्या पावसातच.

पुस्तकात चाकू कसा असावा ते आहे. काडी कापल्यावर किती वेळ हातात धरायची, ते नाही. माझ्याकडची सगळ्यात जुनी बाई काडीची पाचर करताना बोलतच नाही, आणि पाचर झाली की क्षणात आत. नवीन पोरी गप्पा मारत काप वाळवतात आणि मग मर जास्त का, म्हणून मला विचारतात. विद्यापीठाचे सर एकदा आले होते, तिच्याकडे बघत अर्धा तास उभे राहिले.

तक्रार एक आहे. ‘हापूस’ म्हणून कुठल्याही झाडाची काडी बांधून स्वस्तात विकणारे रस्तोरस्ती आहेत. फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, तोवर विकणारा भेटत नाही. कलम घेताना मातृवृक्ष कुठला, एवढं तरी विचारा.

२०१९ची बॅच, पुणे, अभ्यासिकेतून

मी अजून कुठेच पोचलेलो नाही, तरी लिहितो. ऑगस्ट २०२४मध्ये कृषी सेवेच्या २५८ जागा राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत घ्याव्यात म्हणून पुण्यात रस्त्यावर बसलो होतो त्यात मीही होतो. २५ ऑगस्टची परीक्षा पुढे गेली. त्यानंतरचं सगळं पेपरात येतंच. सकाळी अभ्यासिका, दुपारी एका स्टार्टअपसाठी शेतकऱ्यांना फोन. पानाचा फोटो येतो, मी कीड ओळखतो. कीड ओळखायला येते, पण त्यांचा दुसरा प्रश्न असतो ‘मारू का थांबू?’ आणि त्याचं उत्तर फोटोत नसतं. थांबा म्हटलं तर कंपनीला आवडत नाही.

१९९७ची बॅच, केळशी

कीटकनाशकाच्या कंपनीत अर्धं आयुष्य काढून वडिलोपार्जित वाडीत परत आलो. नारळ, पोफळी, मधे जायफळ आणि मिरी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दुपारपर्यंत वाडीतून समुद्र दिसायला लागला, इतकं सांगितलं तरी वाडीवाल्यांना कळेल. भरपाईचा दर वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केला. आमच्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यात असतात. गुंठ्याला ५०० रुपये झाले. पडलेली पोफळ कापून बाहेर काढायलाच त्याहून जास्त लागले.

मिश्र पिकाचा धडा मात्र खरा ठरला. उंच झाडं गेली, खालची काही जायफळं वाचली आणि दोन वर्षं तीच आधाराला आली. सावली गेल्याने त्यांची पानं करपायला लागली, तेव्हा केळी लावून सावली केली. हे कुठल्या शिफारशीत वाचल्याचं आठवत नाही. नवीन पोफळी आता डोक्याच्या वर गेल्यात. नारळाची खात्रीची रोपं अजून हवी आहेत. कुडाळवाले, तुमच्याकडे मिळतील?

२००९ची बॅच, कुडाळ

नारळ मी करत नाही. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारा, पण नंबर आधी लावून ठेवा, पावसाच्या तोंडावर गेलात तर रिकाम्या टेम्पोने परत याल. जायफळाची कलमं हवी असतील तर ती आहेत, मादी झाडाची.