डिप्लोमसी: बर्गंडीतला सपोर्ट तुटला की नाही? निकालावरून डाव अडकलाय

सातरस्ता_सोलापूर
आमचा डिप्लोमसीचा (युरोपच्या नकाशावरचा सात देशांचा बोर्ड गेम, सगळ्यांच्या लेखी ऑर्डर एकदमच उघडतात) डाव व्हॉट्सॲपवर चालतो. चौघं सोलापुरात, दोघं पुण्यात, एक हैदराबादला. पंच आठवा, तो स्वतः खेळत नाही. ऑर्डर त्याला खाजगीत, रात्री नऊच्या आत. डावातल्या १९०३ च्या वसंतातल्या वादाच्या ऑर्डर अशा (सपोर्ट म्हणजे दुसऱ्या युनिटच्या, म्हणजे आर्मी किंवा फ्लीटच्या, ताकदीत एकची भर, सपोर्ट देणाऱ्यावर हल्ला झाला की एरवी तो तुटतो; होल्ड म्हणजे जागेवर थांबणं):

फ्रान्स: आर्मी रूर ते म्युनिक. आर्मी बर्गंडी, रूर ते म्युनिकला सपोर्ट. आर्मी पॅरिस होल्ड.
जर्मनी: आर्मी म्युनिक ते बर्गंडी. आर्मी बेल्जियम, म्युनिक ते बर्गंडीला सपोर्ट. आर्मी बर्लिन ते म्युनिक.

फ्रान्स म्हणतो, ज्या प्रांतावर सपोर्ट दिलाय तिथूनच हल्ला आला तर सपोर्ट तुटत नाही, म्हणून म्युनिक माझं. जर्मनी म्हणतो, बर्गंडीच गेलं तर सपोर्ट कसला? पंचाने आधी फ्रान्सच्या बाजूने निकाल दिला, मग फिरवला. आता फ्रान्स शरदातल्या ऑर्डरच देईना.

त्याच फेरीत आणखी दोन कटकटी. फ्रान्सने "फ्लीट मिड ॲटलांटिक ते स्पेन" एवढंच लिहिलं, किनारा नाही. इंग्लंडने लिहिलं "फ्लीट एडिनबरो ते नॉर". यांचं काय करायचं?

कोपऱ्यातला_उंट
फ्रान्स बरोबर आहे. हल्ला म्युनिकहून आला आणि सपोर्टही म्युनिकवरच होता, म्हणजे तुटत नाही. रूर दोनच्या ताकदीने आत, बर्लिन बाहेर. पंचाने निकाल फिरवायलाच नको होता.

पंच_दुसरा
उंटराव, नियमाचा अर्धा भाग सांगितलात. त्या प्रांतातून आलेल्या *नुसत्या हल्ल्याने* सपोर्ट तुटत नाही हे खरं. पण सपोर्ट देणारी युनिट हुसकावली गेली तर तुटतो, मग हल्ला कुठूनही येवो.

त्यामुळे क्रम असा लावायचा. आधी बर्गंडीचा निकाल: म्युनिकहून येणारी आर्मी बेल्जियमच्या सपोर्टमुळे २, बर्गंडी एकटी १. बेल्जियमवर कोणी हल्ला केलेला नाही, म्हणून तो सपोर्ट शाबूत. बर्गंडी हुसकावली. आता म्युनिक: रूरचा सपोर्ट गेला, ताकद १. बर्लिनचीही १. बरोबरी, म्हणून दोघी बाउन्स होऊन जागच्या जागी. म्युनिक रिकामं राहतं, कोणाचीच आर्मी तिथं शिरत नाही. बर्लिनची ऑर्डर नसती तर रूर एकच्या ताकदीनेही रिकाम्या म्युनिकमध्ये शिरली असती, म्हणून जर्मनीची ती चाल खरी हुशारीची.

गोंधळ होतो तो लोक म्युनिकपासून हिशोब सुरू करतात म्हणून. ज्या लढाईचा निकाल दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, ती आधी सोडवायची.

रिट्रीट (हुसकावलेल्या युनिटची माघार): बर्गंडीची आर्मी म्युनिकला जाऊ शकत नाही, हल्ला तिथूनच आला आणि तिथं बाउन्सही झालाय. बेल्जियम, रूर, पॅरिस भरलेले. उरले पिकार्डी, गॅस्कनी आणि मार्सेय, तेही रिकामे असतील तर.

सातरस्ता_सोलापूर
फ्रान्स आता म्हणतोय, पॅरिस होल्ड म्हणजे बर्गंडीच्या मदतीलाच ठेवली होती!

पंच_दुसरा
मनात काय होतं ते मोजत नाहीत. "आर्मी पॅरिस, बर्गंडीला सपोर्ट" असं लिहिलं असतं तर सगळा पट उलटला असता: बर्गंडी २ विरुद्ध म्युनिक २, बर्गंडी टिकली, म्हणून सपोर्टही टिकला, रूर दोनच्या ताकदीने म्युनिकमध्ये आणि जर्मन आर्मीच हुसकावली. एका ओळीचा फरक. ती ओळ लिहिली नाही.

स्पेनचं: मिड ॲटलांटिकमधून उत्तर आणि दक्षिण दोन्ही किनारे लागतात. किनारा लिहिला नाही तर चाल होत नाही, फ्लीट जागेवर. हीच फ्लीट गॅस्कनीत असती तर उत्तर किनाराच शक्य होता, मग ऑर्डर चालवून घ्यायची. हाच प्रकार बल्गेरियाला; सेंट पीटर्सबर्गला मात्र कुठूनही आलात तरी एकच किनारा लागतो.

"नॉर": एडिनबरोहून नॉर्थ सी आणि नॉर्वेजियन सी दोन्ही लागतात, दोन अर्थ निघतात, म्हणून होल्ड. डेन्मार्कहून "नॉर" लिहिलं असतं तर फक्त नॉर्थ सी शक्य होती, आणि वाईट लिहिलेली पण एकच अर्थ निघणारी ऑर्डर पाळावीच लागते. पंचाने खेळाडूला "तुला काय म्हणायचं होतं?" असं ऑर्डर उघडल्यावर विचारणं सर्वात वाईट. तेव्हा उत्तर बदलतंच.

जुना_सोंगट्या
निकालाबद्दल वरचं सगळं बरोबर. मी फक्त ऑर्डर घेण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो, निम्मी भांडणं तिथंच होतात.

व्हॉट्सॲपवरचा मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो, म्हणजे ८:५५ ची ऑर्डर ९:०५ ला बदलता येते. पंचाने नऊ वाजताच प्रत्येकाच्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट काढावा, नंतर "एडिटेड" दिसलं तर त्याच्याशी ताडून पाहावं. त्यापेक्षा गूगल फॉर्म बरा: वेळ आपोआप नोंदते, सबमिट केल्यावर एडिटची सोय बंद ठेवता येते, आणि प्रांत ड्रॉपडाऊनमधून निवडायला लावले की "नॉर", "टायर" (टायरोलिया की टायरेनियन?), "लिव्ह" (लिव्होनिया की लिव्हरपूल?) हे प्रश्नच संपतात.

लाइट गेली, नेट गेलं ही कारणं चालतात की नाही ते डाव मांडतानाच ठरवा. गड्ड्याच्या जत्रेत मुदत दोन दिवस पुढे ढकलायची असेल तर तेही आधीच. ऑर्डर आली नाही तर सगळ्या युनिट होल्ड, रिट्रीट आली नाही तर ती युनिट बाद, बिल्ड (नवी युनिट उभारणं) आलं नाही तर बिल्ड नाही. पंचाच्या दयेवर काही ठेवू नका.

आणि निकालाची शंका असेल तर बॅकस्टॅबर या डिप्लोमसीच्या वेबसाइटवरच्या सॅण्डबॉक्समध्ये (सरावाच्या पटावर) तीच मांडणी करून ऑर्डर टाका, लगेच दिसतं. अपुऱ्या लिहिलेल्या ऑर्डरचं मात्र ते काही सांगणार नाही, तिथं क्लिक करूनच चाल देतात.

कोपऱ्यातला_उंट
मग कॉन्व्हॉयने, म्हणजे फ्लीटवरून समुद्र ओलांडून, आलेल्या आर्मीचं काय? ती तरी सपोर्ट तोडते ना?

पंच_दुसरा
एरवी तोडते. पण समजा फ्रान्सची आर्मी ब्रेस्टहून इंग्लिश चॅनलमधल्या फ्लीटवरून लंडनला येतेय, आणि लंडनची फ्लीट वेल्स ते इंग्लिश चॅनलला सपोर्ट देतेय. तिथं येणारी आर्मी तो सपोर्ट तोडत नाही, कारण तो तिच्याच कॉन्व्हॉयवरच्या हल्ल्याला आहे. चॅनलमधली फ्लीट हुसकावली, आर्मी ब्रेस्टमध्येच. कॉन्व्हॉयला दुसरा मार्ग असेल तर आवृत्त्यांमध्ये फरक आहे, म्हणून नियमपुस्तकाची कुठली आवृत्ती ते पहिल्याच दिवशी ग्रुपच्या वर्णनात लिहून टाका.

सातरस्ता_सोलापूर
शरदातल्या ऑर्डर तिघांच्या आल्यात, पंचाने अजून उघडलेल्या नाहीत. आता काय?

पंच_दुसरा
त्या न उघडता तिघांनाही परत नव्याने द्यायला सांगा, कारण पटच बदलला. आधी फ्रान्सकडून बर्गंडीची रिट्रीट, २४ तासांची मुदत. नाही आली तर आर्मी बाद, आणि मग शरद.