पोस्टबर्गची रानफुलं: दिवस कोणता धरावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कामानिमित्त केपटाऊनला जाणं होतंय. आई सोबत आहे आणि तिची एकच फर्माईश आहे: वेस्ट कोस्ट नॅशनल पार्कातली रानफुलं. टेबल माउंटन झालं तर झालं, नाही तर राहिलं!

आतापर्यंत कळलंय ते असं. पार्क केपटाऊनच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर, लांगेबान लगूनच्या (समुद्राला जोडलेल्या उथळ खाऱ्या सरोवराच्या) भोवती आहे. त्यातला पोस्टबर्ग हा फुलांचा भाग फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडतात. तिकडे पाऊस हिवाळ्यात (म्हणजे जून ते ऑगस्ट) पडतो, त्यामुळे फुलांचा बहर किती ते त्या पावसावर. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते दिवसावर. रविवार मोकळा आहेच. मधल्या वारी एक सुट्टी मिळू शकते, पण आधी सांगावं लागेल. आणि ढग असले तर फुलं उघडतच नाहीत म्हणे! मग आधी दिवस ठरवायचा तरी कसा? शिवाय आईचे गुडघे दुखतात, फार चालवणार नाही. गाडीतून नीट दिसतं का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:
रविवार नको. बहराच्या दिवसांत सुट्टीच्या दिवशी गेटवरच गाड्यांची रांग लागते. आर२७ रस्त्यावरचं एक गेट आणि लांगेबान गावाकडचं दुसरं, दोन्हीकडे तीच गत. पोस्टबर्ग आत बरंच लांब, लगूनच्या पार पलीकडच्या बाजूला आहे, हेही धरून चाला.

प्रतिसाद:
मधल्या वारीच जा, पण सुट्टी मागताना दोन पर्यायी दिवस सांगून ठेवा आणि आदल्या संध्याकाळी हवामान बघून पक्का करा. तारखेपेक्षा ऊन महत्त्वाचं. ही बहुतेक डेझीच्या कुळातली फुलं, साधारण सकाळी १० ते दुपारी ४ एवढ्याच वेळात पूर्ण उमलतात. ढगाळ किंवा गार दिवशी पाकळ्या मिटलेल्या, आणि मग सगळं माळरान नुसतं हिरवट दिसतं. भल्या पहाटे निघायची काही गरज नाही. उगाच आईंची झोपमोड.

आता एक गंमत. फुलं सूर्याकडे तोंड करून असतात आणि दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला. म्हणजे तुम्ही दक्षिणेकडे बघत असाल, ऊन पाठीवर असेल, तर फुलांचे चेहरे तुमच्याकडे. उलट बाजूने गेलात तर फक्त पाठी दिसतात आणि लोक म्हणतात 'बहर काही खास नव्हता'. जाताना रंग फिका वाटला तर येताना त्याच रस्त्यावर पुन्हा बघा.

गाडीतून भरपूर दिसतं. पांढऱ्या पावसाळी डेझी, केशरी-पिवळे पट्टे, मध्येच निळी हेलिओफिला. तरी एकदा कडेला थांबून आईंना एखादं फूल जवळून दाखवाच. मंकी बीटल नावाचे केसाळ भुंगेरे मधोमध डोकं खुपसून बसतात, मागचे पाय तेवढे बाहेर! परागीभवनात त्यांचाही मोठा वाटा, आणि तेही उन्हातच कामाला लागतात. रस्त्यावर कासवं येतात, गाडी हळू चालवा.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार! दोन दिवसांची युक्ती सुचलीच नव्हती. आईला फुलांच्या मधोमध बसवून फोटो काढता येईल का? आणि त्या दिवशी ऊन पडलंच नाही तर?

प्रतिसाद:
फोटो रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या कडेने काढा. मधोमध बसलेल्यांचे फोटो पाहून मला तर चीड येते. ही वर्षायू झाडं बी धरून मरतात, पुढच्या वर्षीचा बहर त्याच बियांतून. चिरडलेलं झाड बी कुठून धरणार? तोडणं तर बेकायदाच. आणि एखादं वेगळं, एकांडं झाड दिसलं तर फोटो लोकेशनसकट नेटवर टाकू नका. दक्षिण आफ्रिकेत दुर्मिळ रसाळ (पाना-खोडात पाणी साठवणाऱ्या) वनस्पतींची चोरी गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे, चोरांना आयता पत्ता मिळतो.

प्रतिसाद:
ऊन नसेल तर गीलबेकला जा, लगूनच्या दक्षिण टोकाला. पक्षी बघायला आडोसे बांधलेत. भरती चढत असताना पोहोचलात तर पाणी पक्ष्यांना जवळ ढकलतं, फ्लेमिंगोही दिसू शकतात. आडोशापर्यंत थोडं चालावं लागतं, तेवढं आईंना विचारून घ्या. भरतीची वेळ आदल्या दिवशी हवामानासोबतच बघून ठेवा.