साठी झाली की दर सहा महिन्यांनी डोळ्यांचा ओसीटी स्कॅन? कशाला?

खडूस_आजोबा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "साठीनंतर दर सहा महिन्यांनी ओसीटी नाही केली तर आंधळेपण ठरलेलं." अहो काय हे! मशीन भारी आहे, प्रकाश टाकून डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवतं, पाचेक मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मान्य. पण माझा नंबर मायनस ८, रिपोर्टात पडद्यातल्या नसेच्या तंतूंचा थर लाल, म्हणजे पातळ, आला म्हणून काचबिंदूचे ड्रॉप्स वर्षभर घातले, नंतर दुसरे डॉक्टर म्हणाले लांबट डोळ्यात तो थर असाच पातळ दिसतो, मशीन ज्या नॉर्मल डोळ्यांशी ताडून बघतं त्यात असे डोळे फारसे नसतातच!

माई_जळगाव: काका, माझ्या आईला शब्दकोड्याच्या चौकोनांच्या रेघा वाकड्या दिसायच्या, ती छपाईला नावं ठेवायची आणि आम्ही हसायचो. एक डोळा झाकून बघितल्यावर कळलं, उजव्यातच वाकडं. ओसीटीत मॅक्युलाखाली, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाखाली, पाणी. इंजेक्शनं घेऊन उरलेली नजर टिकली, गेलेली नाही आली. तुम्हाला बोलायला काय जातंय?

खडूस_आजोबा: रेघा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी जा, नको कोण म्हणतंय? पण रेघा बघायला चौकटीचा कागद पुरतो, तो फुकट आहे.

माई_जळगाव: आणि वयामुळे मॅक्युला खराब होतो त्या आजाराच्या कोरड्या, पाणी नसलेल्या प्रकारात? पडद्याखाली पिवळे ठिपके साठतात, सुरुवातीला कागदावर कप्पाळ दिसणारे!

खडूस_आजोबा: ते ठिपके साध्या फंडस (पडद्याच्या) तपासणीतही दिसतात बाई, बाहुली मोठी करायचे थेंब घालून.

बंड्या_बाणेर: ते सोडा, मोतीबिंदूच्या पॅकेजवर बोला कुणीतरी. सासऱ्यांच्या गळ्यात मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स मारली, आधी ओसीटी नाही, नंतर धूसर ते धूसरच, मग केली तर मॅक्युला जुनाच खराब. असल्या डोळ्यात मल्टिफोकल शक्यतो टाळतात, कॉन्ट्रास्ट आणखी कमी होतो, हे आम्हाला पैसे भरल्यावर कळलं!!

चष्मेवाला: मोतीबिंदू फार पिकला असेल तर ओसीटीचा प्रकाशही नीट आत जात नाही, लगेच डॉक्टरला धरू नका.

बंड्या_बाणेर: पिकला कुठला, स्कूटर चालवत होते! वर मेडिक्लेमवाले म्हणतात मल्टिफोकलचा वरचा खर्च तुमचा तुम्ही बघा.

चष्मेवाला: मग एकाच अंतराची साधी मोनोफोकल घ्यायची ना, जबरदस्ती होती का?

बंड्या_बाणेर: तुमचंच दुकान दिसतंय.

माई_जळगाव: मूळ मुद्दा राहिला बाजूला.

खडूस_आजोबा: बरं, मोतीबिंदूच्या आधी एकदा ओसीटी, घ्या, मानलं. हार घाला आता. सहा महिन्यांचं मात्र अजिबात नाही.

बंड्या_बाणेर: ती लेन्स काढून साधी बसवलेलं कुणी आहे का इथे?