अनुभव धागा: रत्नागिरीतलं रोजचं ऊन, रोजचा समुद्र

रत्नागिरीवर लिहिलं जातं ते बहुतेक पाहुण्यांसाठी. रत्नदुर्ग, गणपतीपुळे, आंब्याची पेटी, की परत मुंबई. बारा महिने इथे राहणाऱ्यांना हे ऊन आणि हा समुद्र काय देतात, ते इथे लिहूया. तुमच्या घरातलं, आळीतलं सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. एप्रिल-मेमध्ये आमची गच्ची म्हणजे दुसरं स्वयंपाकघरच. हापूसचा रस चाळणीतून गाळून, थोडी साखर घालून, तुपाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ ओतायचा. कडा सुटायला लागल्या की आंबापोळी उलटायची आणि पुढचा थर द्यायचा. ऊन खणखणीत असेल तर रंग सोनेरी राहतो. दोन दिवस मळभ आलं की पोळी काळवंडते, चवही उतरते. शेजारी रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं. त्यांना रसाचं पूट द्यायचं, वाळवायचं, पुन्हा पूट. मृगाआधी सगळं बरणीत गेलं पाहिजे. विकतच्या आमसुलाला तो वास नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगेन.

भाट्ये, बँकेत नोकरी
साडेपाचला सुटते, सहाला सुरूच्या बनाजवळ वाळूत पाय. पुण्यात असताना अशा संध्याकाळसाठी रजा टाकावी लागायची. भरतीचं गणित आजोबांनी शिकवलं: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. मग सहा तासांनी ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप आत जातं आणि ओहोटीला किनारा लांबच लांब मोकळा होतो. मुलाला सायकल शिकवली ती अशाच ओल्या, घट्ट वाळूवर. पडला तरी खरचटत नाही.

मूळ सोलापूरचा, आता शिवाजीनगरात
मला इथला उन्हाळा आधी सोसवेना. पारा सोलापूरपेक्षा खूप खाली, पण घाम थांबत नाही. मग शेजारच्या काकांनी दिवस कसा लावायचा ते सांगितलं: बाजाराची कामं सकाळी उरकायची, पश्चिमेच्या खिडक्या मोकळ्या ठेवायच्या. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, आणि जांभ्या दगडाच्या जुन्या घरात पंख्याशिवायही झोप लागते. डिसेंबरात तर स्वेटर कपाटातच राहतो. फक्त गेट, ग्रिल दरवर्षी रंगवा. खारी हवा लोखंड सोडत नाही.

मिरकरवाड्याजवळ
मासे! बंदरावर होड्या लागल्या की बांगडा, सौंदाळा, कोळंबी समोर. आमच्या नेहमीच्या मावशी कल्ले उघडून दाखवतात, लालभडक नसतील तर स्वतःच म्हणतात, "आज नको नेऊस गो." १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे मेच्या उन्हात सुके बांगडे, बोंबील, जवळा यांची बेगमी. बंदीचा मला राग नाही. मासळीला वाढायला वेळ मिळायलाच हवा.

थिबा राजवाड्याच्या बाजूला
ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे नजरकैदेत ठेवलं. राजवाडा १९१० चा, आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. त्याला सक्तीने मिळालेला हा समुद्र आम्हाला रोज फुकट दिसतो, याची जाणीव असते. थिबा पॉइंटवरून काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि मावळतं ऊन. आई गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर उतरू शकत नाही, तिच्यासाठी ही जागा फार मोलाची.

मांडवी
दोनच गोष्टी. मांडवीची वाळू काळी आणि मिऱ्याकडे पांढरी, म्हणून एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. आणि पाहुण्यांना हात जोडून सांगणं: आरे-वारेला पोहायला उतरू नका, तिथल्या पाण्याला ओढ आहे. यायचं तर पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात या. आकाश धुतलेलं, ऊन कोवळं, आणि जेटीवर बसायला जागाही मिळते.