एमपीआयचा द्राविडी प्राणायाम अजून किती दिवस?

एकतंतू: एमपीआय म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र चालणाऱ्या प्रोसेसनी (चालू प्रोग्रॅमनी) एकमेकींना निरोप पाठवायची पद्धत, तिचं पहिलं मानक १९९४ सालचं. तरी आजही कुठल्या प्रोसेसने कुणाला काय पाठवायचं ते आपण हाताने लिहीत बसतो. चॅपेल या समांतर प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ॲरे सगळ्या नोडवर (जोडलेल्या संगणकांवर) पसरवला की साधं फोरऑल, म्हणजे सगळ्या घटकांवर समांतर चालणारं लूप पुरतं, निरोपांची ने-आण भाषाच बघते. मग हा छळ कशाला?

जुना नोड: कारण फोरऑलमध्ये खर्च दिसत नाही. स्वतःच्या मेमरीतून वाचायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात, चांगल्या नेटवर्कवरूनही मायक्रोसेकंदाच्या घरात. कोडची ओळ मात्र तीच! माझ्याकडून एकदा लूपची वाटणी आडवी आणि ॲरेची उभी झाली, म्हणजे बहुतेक वाचन परक्या नोडवरून. उत्तर बरोबर यायचं, पण नोड वाढवले की वेळही वाढायचा. दोन दिवस अल्गोरिदमला शिव्या घातल्या. एमपीआयमध्ये इतके सेंड लिहिताना हात थांबला असता.

एकतंतू: हात थांबतो, आणि प्रोग्रॅमही. दोन्ही प्रोसेसमध्ये आधी सेंड, मग रिसीव्ह असं लिहिलं होतं. छोटे निरोप लायब्ररी बफरमध्ये ठेवून मोकळी होते, त्यामुळे टेस्टिंग झकास. खरा डेटा आला, निरोप मोठे झाले आणि दोघी एकमेकींची वाट बघत ठप्प. एरर नाही, काही नाही.

निशाचर: पाठवणं आणि घेणं एकत्र करणारं सेंडरिसीव्ह काय शोभेला आहे? असो. नोड बंदच पडला तर काय, हे तुम्ही दोघंही बोलत नाही. एमपीआयमध्ये एक प्रोसेस मेली की सहसा अख्खा जॉब झोपतो. एर्लँग ही भाषा एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली. प्रोसेस मरणारच हे धरून तिथे सुपरव्हायजर बसवतात, तो ती पुन्हा उभी करतो.

जुना नोड: एर्लँगमध्ये मॅट्रिक्स गुणून दाखवा, मग बोलू.

निशाचर: नाही दाखवणार, ते तिचं कामच नाही. हवामानाचं गणित चेकपॉइंटवरून (मध्येच जपून ठेवलेल्या स्थितीवरून) परत सुरू करता येतं, चालू फोन नाही. दुखणी वेगळी आहेत.

जुना नोड: हे मान्य. एकतंतू, चॅपेल खुशाल वापरा, पण कम्युनिकेशन मोजायचं मॉड्यूल त्यातच आहे, ते एकदा चालवा.

एकतंतू: चालवलं. आतल्या लूपमध्ये गेटच गेट, म्हणजे दुसऱ्या नोडवरून वाचणं! ॲरे सायक्लिक (एकेक घटक पाळीपाळीने एकेका नोडला) वाटलाय आणि मी डावा-उजवा शेजारी वाचतोय, म्हणजे प्रत्येक शेजारी परक्या नोडवर. ब्लॉक (सलग तुकड्यांची वाटणी) करून बघतो.