एका दिवसाची सहल: बाग बरी की जंगल? सोबत लहान मुलं आणि गुडघेदुखी असलेले आजोबा

सुट्टीचा_रविवार

सकाळी निघून दिवेलागणीला घरी, अशी सहल ठरवायची आहे. मंडळी पाच: आम्ही दोघं, 5 आणि 9 वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. त्यांना सपाटीवर तासभर चालता येतं, उतारावर मात्र उजवा गुडघा बोलू लागतो.

पर्याय दोन आहेत. एक मोठं वनस्पती उद्यान, त्यात काचघर आहे. दुसरा, राखीव जंगलातली आखलेली गोल वाट: 6 किलोमीटर, एकूण चढ 200 मीटर, एका अंगाला चढ एकदम अंगावर येणारा, दुसऱ्या अंगाला हळूहळू. गेट संध्याकाळी 5 ला बंद होतं.

या वाटेला किती वेळ धरावा? पाणी किती न्यावं? बागेत गेलो तर मुलं तासाभरात कंटाळतील का? आणि अशा सहलीत नेमकं काय बिनसतं, ते आधीच कळलं तर बरं.

पायवाट_पाहणारा

आधी वेळेचा हिशोब, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: सपाटीला ताशी 5 किलोमीटर आणि चढाच्या दर 600 मीटरला वर एक तास. तुमच्या वाटेचे 6 किलोमीटर म्हणजे 1 तास 12 मिनिटं, 200 मीटर चढाची 20 मिनिटं. एकूण दीड तास. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. 5 वर्षांचं मूल आणि दुखरा गुडघा सोबत असताना दुप्पट धरा, म्हणजे 3 तास. त्यात खाण्याचा आणि बसण्याचा एक तास मिळवा. झाले 4. गेट 5 ला बंद होत असेल तर शेवटचा एक तास हिशोबात धरूच नका, तो राखीव. म्हणजे सकाळी साडेआठच्या आत वाटेला लागलं की दुपारच्या कडक उन्हाआधी बाहेर.

आता त्या गुडघ्याबद्दल. गुडघ्यावर चढापेक्षा उतारावर जास्त भार येतो, कारण प्रत्येक पावलाला खाली येणारं वजन मांडीच्या स्नायूंना आणि सांध्याला रोखून धरावं लागतं. गोल वाटेचा फायदा असा की दिशा आपल्या हातात असते: अंगावर येणाऱ्या बाजूने चढा, सौम्य बाजूने उतरा. बरेच जण सुरुवात सोपी व्हावी म्हणून नेमकं उलट करतात आणि शेवटी थकल्या पायांनी तीव्र उतार उतरतात. घसरून पडणं, घोटा मुरगळणं बहुतेक तिथेच होतं. काठी द्या. उंची अशी की टोक जमिनीला टेकल्यावर कोपर काटकोनात राहावं. उतारावर चार बोटं जास्त लांब चालते.

तरीही स्पष्ट सांगतो, सासऱ्यांना घेऊन पूर्ण गोल वाट करू नका. गोल वाटेवर अर्ध्यात कुणी बसलं तर पुढे जा की मागे या, अंतर सारखंच. त्यापेक्षा सौम्य बाजूने दीड किलोमीटर आत जा, चांगली सावली बघून तासभर बसा आणि त्याच वाटेने परत या. परत फिरायची वेळ घरूनच ठरवा, उदाहरणार्थ 11. तिथे पोहोचलात की नाही याचा विचार न करता 11 ला फिरायचं. "त्या वळणापर्यंत जाऊन येऊ" यातच दिवस हातचा जातो.

पाणी: उन्हात चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर, मुलांना त्याच्या निम्मं. 4 तासांचे तिघांचे 6 लिटर आणि दोन मुलांचे 2, एकूण 8 लिटर, म्हणजेच 8 किलो वजन. एकाच पाठीवर नको. वाट छोटी केलीत तर चालण्याचे दोनच तास उरतात, तेव्हा 5 लिटर सोबत आणि उरलेलं गाडीत. वय वाढलं की तहान लागल्याचं कळणं मंदावतं, म्हणून सासऱ्यांना "पाणी हवं का" असं विचारत बसू नका, दर 20 मिनिटांनी बाटली हातात द्या. डॉक्टरांनी त्यांना पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर अर्थात तेच पाळायचं. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच पूर्ण मिसळा. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट घालणं घातक, मुलांना तर फारच.

पानोपानी

मी बागेच्या बाजूने बोलते. मुलं कंटाळतात ती बागेला नव्हे, सगळी बाग "बघून संपवायच्या" घाईला. दिवसभरात तीन जागा निवडा, बाकी बाग सोडून द्या.

वनस्पती उद्यान आणि साधी बाग यांत फरक पाट्यांचा. पाटीवर शास्त्रीय नाव, कूळ, मूळ प्रदेश आणि बहुतेक ठिकाणी एक नोंद क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे ते झाड कुठून, कधी आणलं याची दप्तरातली नोंद. नावाचे दोन शब्द, पहिला प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, ही पद्धत कार्ल लिनिअसने 1753 साली रूढ केली. नावापुढे नुसतं "एल." दिसलं तर ते नाव लिनिअसनेच दिलेलं. कुळाच्या नावाचा शेवट "एसी" असा होतो: फॅबेसी म्हणजे शेंगांचं कूळ, पोएसी म्हणजे गवतांचं. 9 वर्षांच्या मुलाला एकाच कुळातली तीन झाडं शोधायला सांगा, दीड तास कुठे गेला कळणार नाही.

धाकट्याला एक कोडं द्या: हे एक पान की अनेक? चिंचेसारख्या झाडाची बारीक "पानं" ओळीने दिसतात, पण ती एकाच पानाच्या पर्णिका असतात. ओळखायची खूण अशी: खरं पान फांदीला जिथे चिकटतं त्या बेचक्यात कळी असते. पर्णिकेच्या बेचक्यात ती कधीच नसते. 10 पटीचं छोटं भिंग घ्या, ते डोळ्याला अगदी लावून धरा आणि पान जवळ आणा. भिंग पानावर धरून लांबून डोकावलं तर जेमतेम मधला ठिपका दिसतो. नेच्याच्या (फर्नच्या) पानाची पाठ याच भिंगाखाली बघा, तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके.

काचघर सकाळी आधी करा. दुपारनंतर आतली उष्णता आणि दमटपणा वयस्कर माणसाला सोसत नाही. आत शिरल्याबरोबर चष्मा आणि कॅमेऱ्याची काच धुरकट झाली तर पुसत बसू नका, पाचेक मिनिटांत काच आतल्या हवेइतकी गरम झाली की आपोआप स्वच्छ होते.

जाण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: साप्ताहिक सुट्टी, शेवटच्या प्रवेशाची वेळ (बंद होण्याची वेळ वेगळी असते), चाकाची खुर्ची मिळते का आणि रस्त्यांना चढ किती. 12 मीटरला 1 मीटर ही खुर्चीच्या उताराची नेहमीची कमाल मर्यादा; ढकलणाऱ्याला आरामात जमेल असा चढ म्हणजे 20 ला 1. सासऱ्यांना खुर्चीची गरज आज वाटत नसली तरी दुपारी तीनला वाटू शकते.

सुट्टीचा_रविवार

हिशोब नीट कळला. छोटी वाट करून त्याच वाटेने परतायचं, असं मनात आहे. जंगलात मोबाइलला रेंज नाही. मधमाश्या, जळवा, वीज यांचं काय करायचं? आणि घरात एक जुनी 8×42 दुर्बीण आहे, ती नेण्यासारखी आहे का?

रानराखण

रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण फोनला जागा उपग्रहांकडून कळते. नकाशा घरीच उतरवून ठेवा आणि जंगलात फोन विमान मोडवर टाका. क्षीण रेंज शोधत राहिल्यानेच बॅटरी सर्वांत जास्त खर्ची पडते. त्याहून महत्त्वाचं, घरी राहणाऱ्या कुणाला तरी वाट कोणती, परत कधी आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची, हे लिहून द्या.

मधमाश्या: तीव्र अत्तर लावू नका, धूर करू नका, पोळ्याकडे दगड तर चुकूनही नको. माश्या अंगावर आल्याच तर चेहरा झाकून सरळ पळत सुटा आणि बंद गाडीत किंवा इमारतीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, डोकं वर येईपर्यंत त्या घिरट्या घालतात. नांगी तत्काळ काढा. नखाने खरवडा किंवा चिमटीत धरा, उशीर मात्र नको, कारण तुटून राहिलेली पिशवी विष सोडतच राहते. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चावा नसलेल्या जागी गांध्या उठल्या तर थेट दवाखाना.

जळू: मीठ, काडी यांच्या भानगडीत न पडता तिचं बारीक टोक शोधा, तोंड तिथे असतं. त्वचेलगत नख आडवं सरकवून ते टोक सोडवा, मग जाड टोक. जळूची लाळ रक्त गोठू देत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. घाबरून जायचं कारण नाही, स्वच्छ कापड दाबून धरा. गोचीड असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल लावू नका.

सर्पदंश: बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी, कडं काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवत न आणता उचलून आणा आणि रुग्णालय गाठा. सापाच्या मागे लागू नका.

वीज: चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. आवाजाला एका किलोमीटरला सुमारे 3 सेकंद लागतात. 30 सेकंदांच्या आत ऐकू आलं तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा गाडी किंवा इमारत गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही. वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते.

आणि फळांच्या साली "कुजतील की" म्हणून टाकू नका. महिनोन्‌महिने तशाच राहतात, शिवाय माकडांना वाटेवर खाणं मिळतं हे एकदा कळलं की पुढच्या माणसाची पिशवी ओढली जाते.

पायवाट_पाहणारा

रेंजसारखाच भरवसा अनेक जण एका जुन्या युक्तीवर ठेवतात: सूर्य मावळायला किती वेळ उरला हे कळायला हात ताठ करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं मोजायची, एका बोटाला पंधरा मिनिटं. विषुववृत्ताच्या जवळ हे चुकतं, तिथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून एका बोटाला दहाच मिनिटं धरा. शिवाय दाट झाडीत बाहेरच्यापेक्षा आधी अंधारतं. खिशात एक टॉर्च असू द्या.

दुर्बीण जरूर न्या. 8 म्हणजे मोठं दिसण्याची पट, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, झाडीतल्या अंधुक उजेडात तेवढा हवाच. 10 पटीची असती तर मुलांच्या हातात चित्र थरथरलं असतं. बसलेल्या जागी पंधरा मिनिटं न बोलता थांबा, दचकून गप्प झालेले पक्षी पुन्हा आपापल्या कामाला लागतात.

वापरण्याआधी एकदा लावून घ्या. उजवी बाजू हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरचं, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगावरचं, कडं फिरवा. सासरे चष्मा लावत असतील तर नेत्रिकेची रबरी कडा आत दुमडा, नाहीतर त्यांना काळ्या चौकटीतला मधलाच भाग दिसेल. मुलांसाठी दोन्ही नळ्या बिजागरीवर पार जवळ आणा. तरीही दोन गोल वेगवेगळेच दिसत असतील, तर धाकट्याला एकाच नळीतून बघू द्या.