बॉल पायथनच्या पिल्लाची कात तुकड्यातुकड्यात निघाली, डोळ्यावर आणि शेपटीला अडकलीय, काय करू?

राजेंद्रनगरवाला
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. माझ्याकडे बॉल पायथनचं (छोट्या जातीचा पाळीव अजगर) पिल्लू आहे, अजून वर्षाचंही नाही. आतापर्यंत कात एकदम मस्त टाकायचं, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, पायातून मोजा उलटा काढावा तशी. ह्यावेळी डोळे दुधाळ झाले, मग परत साफ झाले, मी आपला वाट बघतोय बघतोय आणि काल सकाळी बघतो तर टँकभर नुसते तुकडे. पाठीवर मधेमधे पांढुरके पापुद्रे चिकटलेत, शेपटीच्या टोकाला तर कडंच बसलंय आणि उजवा डोळा डाव्यापेक्षा मंद दिसतो, वर सुरकुती असल्यासारखा. बाकी ठीक आहे, जीभ काढतोय, फिरतोय, पण हात घातला की लगेच गोळा होऊन बसतो.
काचेचा टँक आहे, वर जाळीचं झाकण, खाली पेपर, एका बाजूला हीट मॅट थर्मोस्टॅटवर, पाण्याचं छोटं भांडं. एप्रिल लागल्यापासून खोलीत रात्रभर एसी असतो कारण वरच्या मजल्यावर त्याशिवाय झोपणं अशक्य आहे. आत काट्याचा ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) मीटर आहे तो 60 टक्के दाखवतो म्हणजे तसं बरोबर आहे ना? आई म्हणते चिमट्याने हळूच ओढून काढ, आजीने खोबरेलची बाटलीच आणून ठेवलीय. जवळच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले आम्ही कुत्री-मांजरीच बघतो. प्लीज कोणीतरी सांगा.

कूलर_भिया
अरे भिया एसी बंद कर आणि कूलर लाव, प्रश्न मिटला 😄 आणि आजी बरोबर बोलतायत, थोडं खोबरेल चोळ, आपोआप सुटेल. माझ्या लेपर्ड गेकोच्या (पाळीव पाल) बोटांना कात अडकली होती तेव्हा मी तेच केलं होतं.

महूकर_ताई
खोबरेल नको हो, प्लीज. तेलाने कात मऊ झाल्यासारखी वाटते पण ओलावा आत जात नाही, वरून सगळा पेपरचा कचरा अंगाला चिकटतो. आणि चिमटा तर त्या टँकच्या आसपासही आणू नका. मी डॉक्टर नाहीये पण घरात बरीच वर्षं पायथन आणि कॉर्न स्नेक आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.
डोळे दुधाळ दिसतात ना, तेव्हा जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे एक द्रव तयार झालेला असतो, त्याच्यामुळेच जुनी कातडी सुटी होते. हवा कोरडी असेल किंवा साप आतून कोरडा पडला असेल, पाणी कमी प्यायला असेल, तर वरची कातडी वाळून जागच्या जागी चिकटते. म्हणजे दुखणं कातडीचं नाही, टँकमधल्या हवेचं आहे. जाळीचं झाकण, कोरडा पेपर, वरून रात्रभर एसी, अहो आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात, त्यात हे पिल्लू काय करणार.
आता आधी अंगावरच्या कातेचं बघू. झाकण घट्ट बसणारा एक प्लॅस्टिकचा डबा घ्या, हवेसाठी भोकं पाडा, तळाला ओला करून पिळलेला टॉवेल पसरा आणि कोमट पाणी घाला, पण इतकंच की सापाच्या अंगाच्या निम्म्यापर्यंत येईल, त्याला डोकं वर धरायला कष्ट पडता कामा नयेत. पाणी 28-30 डिग्री, मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम लागेल ना गार. अर्धा तास ठेवा आणि समोरून हलू नका. मग ओला टॉवेल हातात सैलसर धरा आणि त्याला त्यातून स्वतःच सरकू द्या. ओढायचं तुम्ही नाही, घासून घ्यायचं त्याने. जे सुटेल ते सुटेल, राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत. कोरडी असताना ओढलीत तर खालची नवी कातडीही सोलून येते, मग जखम आणि वर इन्फेक्शन.
शेपटीचं कडं मात्र हलक्यात घेऊ नका. दर वेळी एकेक थर अडकत गेला तर ते आवळत जातं, पुढे रक्त जात नाही, टोक काळं पडून वाळून गळतं. भिजवल्यावर ओल्या कापसाने मुळाकडून टोकाकडे हलकेच फिरवा.
आणि डोळा. तुकडे फेकले नसतील तर डोक्याकडचा तुकडा शोधा आणि उजेडात धरा. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. दोन्ही डोळ्यांच्या जागी छोटीशी गोल भिंगं दिसली तर डोळे मोकळे आहेत. एका बाजूला नुसतं भोक असेल तर ते भिंग अजून डोळ्यावरच आहे. तसं असलं तरी हात लावू नका!! ओलावा नीट राहिला तर पुढच्या कातेबरोबर बहुतेक वेळा दोन्ही थर एकदम निघून येतात, पिल्लांची पुढची कात महिना-दीड महिन्यात येतेच. नखाने किंवा चिकटपट्टीने काढायला गेलं की डोळा जातो, हे मी बघितलंय.

राजेंद्रनगरवाला
ताई खूप खूप थँक्यू. कचऱ्याच्या डब्यातून डोक्याचा तुकडा शोधून काढला (आजी बघतच राहिली). डावीकडे भिंग आहे, उजवीकडे भोक. म्हणजे राहिलंय. पण मग मीटर 60 का दाखवतो?

देवासचा_सापवाला
तो काट्याचा मीटर भिंतीवर शोभेला लाव. ह्या स्वस्त मीटरांचे काटे अडकतात, मग बाहेर वाळवंट असलं तरी 60. डिजिटल घे, प्रोब सापाच्या उंचीवर ठेव, झाकणाजवळ नको. पडताळून बघायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घे, पाण्याचे थोडे थेंब टाकून चिखल कर, मीटर आणि ते झाकण एका बंद पिशवीत रात्रभर ठेव, साधारण 75 दाखवायला पाहिजे. बॉल पायथनला एरवी 55-60 चालतं, डोळे दुधाळ झाले की 70 च्या आसपास ने.
जाळीचा दोन तृतीयांश भाग अॅल्युमिनियम फॉइलने झाक, पाण्याचं भांडं मोठं घे म्हणजे अख्खा आत बसेल आणि ते गरम बाजूकडे सरकव. पेपर काढून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) टाक, नर्सरीत वीट मिळते, फक्त खत मिसळलेलं नको, आणि भिजवून चांगलं पिळून टाक. शिवाय एक ओली गुहा कर, आइस्क्रीमच्या डब्याला दार कापून आत ओलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) भर, ऑर्किडवाल्यांकडे मिळतं. कूलरची जुनी खस किंवा भुसा टाकू नकोस, बुरशी धरते. आणि उत्साहात सगळा चिखलही करू नकोस, सतत ओलं राहिलं तर पोटाचे खवले लालसर होऊन सडायला लागतात, छातीत कफ होतो.
हो आणि भांड्याच्या पाण्यात किंवा हनुवटीखाली बारीक काळे हलणारे ठिपके दिसतात का बघ. ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, असले तरी कात अशीच बिघडते, मग नुसत्या ओलाव्याने भागणार नाही.
बाकी रागावू नको पण विचारतो, नोंदणी केलीय ना? बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. आणि हे वाचून कोणी धामण नाहीतर मांडूळ घरी आणायचा विचार करत असेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली थेट गुन्हा आहे, इथे मदतही मागू नका.

राजेंद्रनगरवाला
नोंदणी आहे दादा, बाबांनी कागद बघितल्याशिवाय घरात येऊच दिलं नसतं. ठिपके नाहीत, टॉर्च लावून बघितलं. संध्याकाळी भिजवलं, पाठीवरचं जवळजवळ सगळं टॉवेलमध्येच राहिलं, शेपटीचं कडं अर्धं निघालं. आता खायला देऊ का? गेल्या वेळचं त्याने घेतलंच नव्हतं.

महूकर_ताई
डोळे दुधाळ असताना बरेचसे खात नाहीत, त्याचं टेन्शन नको. दोन-तीन दिवस शांत राहू दे, हाताळू नका, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर देऊन बघा. शेपटीचं उरलेलं उद्या परत भिजवून काढा.
टोक काळपट दिसलं, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, तोंडाशी बुडबुडे आले किंवा पुढच्या कातेनंतरही डोळा तसाच राहिला तर घरी प्रयोग नकोत, सरळ महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला घेऊन या, इंदूरहून पंचवीसेक किलोमीटर आहे. आधी फोन करून साप बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा. आणि आणताना कापडी पिशवीत घालून वर डबा, गाडीत एसीचा झोत त्याच्यावर नको.

कूलर_भिया
बरं बाबा, खोबरेलचं मागे घेतो. पण कूलरचं बरोबर होतं की नाही?

देवासचा_सापवाला
जून लागेपर्यंत बरोबर. पावसाळ्यात तोच कूलर लावलास तर टँकमध्ये मशरूम उगवतील.